सळीला लावलेलं तेल

आधी हसणार न्हाय म्हणा, मग सांगतो. आमच्या घराच्या स्लॅबची सळी बांधून झालती. इंजिनिअर फोनवर म्हणाले, "सळीला गंज चढू देऊ नका." म्हटलं, त्यात काय अवघड हाय? नांगराच्या फाळाला दरवर्षी ट्रॅक्टरचं जळकं ऑईल फासतोय, कधी गंजलाय का? भाऊ आन् मी मिळून अख्ख्या सळीला ऑईल चोपडलं.

स्लॅबच्या दिवशी जयसिंगपूरहून सासरे आलते, चुलीवर मटण शिजत होतं. मी ऐटीत त्यांना म्हटलं, "मामा, सळी बघा की, कशी चमकतीया!"

तेवढ्यात इंजिनिअर आले. सळीवरनं बोट फिरवलं, वास घेतला.

"मालक, हे काय?"

"ऑईल. नांगराच्या फाळाला लावतो तेच. आता गंजायचं नावच न्हाय!"

"अहो, फाळ मातीतनं सुटाय पायजे. सळीला सिमेंटनं घट्ट धराय पायजे, तेच तिला गंजापासनं सांभाळतंय. ह्या तेलावर सिमेंट धरंल व्हय?"

मिक्सर परत गेला. जेवायला आलेलं पावणं फडकी घेऊन सळ्या पुसत बसलं. सासऱ्यांच्या पांढऱ्या शर्टाकडं मला बघवंना. काळे झालेले हात पुसत ते एवढंच म्हणाले, "पावणं, लग्नात लेकीचा हात तुमच्या हातात दिला, तवा तेल लावून आला न्हवता न्हवं?"

अजून सासुरवाडीला पंगत बसली की चटणीवर घ्यायची तेलाची वाटी मला सोडून पुढं जातीया.