चिमटीभर खाणं

लेक: बाबा, ही कोळंबी आपली नाही.

बाबा: कोळंबीच्या कपाळावर नाव लिहिलेलं असतं का गं?

लेक: आईची कोळंबी गडद लाल होती. याच टाकीत जन्मलेली, याच टाकीत वाढलेली. ही फिकी आहे आणि सगळी एकाच मापाची आहे. दुकानातली आहे ही.

बाबा: वय झालं की रंग उडतो. माझा नाही उडाला?

लेक: आणि पिल्लं कुठायत? मागच्या खेपेला आले तेव्हा त्या शेवाळाच्या गुच्छात कणीएवढी पिल्लं होती. मोजता येत नव्हती. आई म्हणायची, टाकीत पिल्लं दिसेनाशी झाली की समजायचं काहीतरी बिनसलंय.

बाबा: लपली असतील. तू अशी फौजदारासारखी काचेला नाक लावून बसलीस तर मीसुद्धा लपेन.

लेक: गप्पी मासे बघा. सगळे वर येऊन तोंडं उघडतायत.

बाबा: सकाळची हवा खातायत.

लेक: पुरे झालं हं. तुम्ही भाजी आणायला गेलात तेव्हा मी पाणी तपासलंय. ही नळी बघा. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. काय रंग आहे हा?

बाबा: चष्मा आत राहिलाय माझा.

लेक: डोक्यावर आहे. तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचलेत तुम्ही, ही एवढीशी नळी वाचता येत नाही?

बाबा: हिरवं आहे.

लेक: गर्द हिरवं. आणि खाली खडीवर बघा, अन्नावर पांढरी बुरशी धरलीय. दिवसातून किती वेळा खायला घालताय?

बाबा: एकदा. सकाळी.

लेक: मग हे सगळं कुठून आलं? बाबा, आई घालते ना?

बाबा: ती विसरते गं. घातलं हेच विसरते. अर्ध्या तासात पुन्हा विचारते, मासे जेवले का म्हणून.

लेक: मग खाण्याची डबी लपवून ठेवायची.

बाबा: लपवतो की. कपाटात ठेवली, बुटांच्या खोक्यात ठेवली. सापडते तिला. पस्तीस वर्षं पोरांच्या बाह्यांतल्या कॉप्या शोधल्यात तिने. तिच्यापुढे माझी काय टाप.

लेक: किती मेली आतापर्यंत?

बाबा: कशाला विचारतेस.

लेक: किती, बाबा?

बाबा: तिच्या आधी उठतो मी. मेलेली जाळीने काढतो, त्या जास्वंदीच्या कुंडीत पुरतो. आठवडाभराने दुकानात जातो, नवीन आणतो. आता तो दुकानदार विचारायला लागलाय, काका, तुम्ही खाता की काय?

लेक: आणून तशीच सोडता टाकीत?

बाबा: वेडी आहेस का? तुझ्या आईच्या हाताखाली शिकलोय. पिशवी तरंगत ठेवायची, मग बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी त्यात थेंब थेंब पाडायचं. चांगले दोन तास. नवीन जिवाला हळूहळू सवय होऊ द्यायची.

लेक: म्हणजे दोन तास जपायचं आणि मग या विषात सोडून द्यायचं.

बाबा: हो. तसंच.

लेक: हे नाही चालणार. मी त्या दुकानदाराशी बोललेय. संध्याकाळी तो टेम्पो घेऊन येतोय. मासे, झाडं, टाकी, सगळं नेईल. तिकडे जगतील तरी.

बाबा: कुणाला विचारून?

लेक: तुमच्याकडे बघून. आरशात बघितलंय का स्वतःला? आईचं सगळं करायचं, वर रोज सकाळी उठून मेलेली कोळंबी वेचायची. किती वाळलात तुम्ही! आणि आईला टाकी गेलेली कळणारसुद्धा नाही, बाबा. कडू आहे, पण खरं आहे.

बाबा: मला कळेल.

लेक: तुम्हाला कधी एवढा लळा होता? ‘हिची चौदा वर्षांची सवत’ म्हणायचात तुम्ही या टाकीला.

बाबा: माझी सवत म्हणायचो. माझ्यापेक्षा जास्त वेळ तिच्यापुढे बसायची म्हणून.

लेक: मग जाऊ दे ना सवतीला.

बाबा: टाकी जाणार नाही, चिमे. दुसरं काहीही बोल.

(आई आतल्या खोलीतून येते आणि दारातच थांबते.)

आई: कोण आहे? तुम्ही मीटर बघायला आलात ना? जिन्याखाली आहे. इथे नाही.

बाबा: हो, माहीत आहे. ये, बस तू.

आई: आणि या बाई कोण?

लेक: आई, मी आहे.

आई: हो का? छान. पाणी घेणार का तुम्ही?

लेक: कालपासून हे चौथ्यांदा, बाबा.

बाबा: मनाला लावून घेऊ नकोस.

आई: मासे जेवले का?

लेक: हो आई, सकाळीच जेव—

बाबा: नाही. अजून नाही जेवले.

लेक: बाबा!

बाबा: ही घे डबी.

लेक: तुमच्या खिशात होती ती?

आई: अहो, झाकण असं सैल ठेवतात का? दमट होतं ना आतलं. किती वेळा सांगायचं माणसाला?

बाबा: चुकलो.

आई: चुकलो म्हणे. दुसऱ्यांच्या घरचे मीटर दशांशापर्यंत वाचता आणि घरातलं एक झाकण लावता येत नाही. आणि दाढी का नाही केली? लेक घरी आलीय आणि हा अवतार! चिमे, तू तरी सांग यांना.

लेक: आई?

आई: काय आई आई? इकडे ये. आधी हात मागे. टाकीसमोर आलं की आधी नुसतं बघायचं, मग हात लावायचा. हं, आता अंगठा आणि एक बोट. तीन बोटं नाहीत. अशी चिमटी. उपाशी मासा मरत नाही, लाडाचा मरतो.

लेक: हो आई.

आई: ही गप्पी बघ, शेवाळामागची. गाभण आहे. पोटाखाली काळा डाग दिसतोय ना? दोन-चार दिवसांत पिल्लं होतील. आडोसा भरपूर ठेवायचा, नाहीतर बया स्वतःचीच पिल्लं गिळते. तू का वाळलीस गं? जेवतेस ना वेळेवर?

लेक: जेवते.

आई: खोटं बोलताना डावा कान खाजवतेस, लहानपणापासून. यांना काही विचारू नकोस, हे सगळं बरंच आहे म्हणतात. अहो, पाणी गढूळ दिसतंय. का हो?

बाबा: बदलतो उद्या.

आई: चौथा हिस्सा. सगळं उपसू नका उत्साहाच्या भरात. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरू नका. टाकीतल्याच पाण्यात पिळा. ती घाण नसते, तिच्यावरच टाकी जगते.

बाबा: माहीत आहे मला.

आई: माहीत असतं तर पाणी असं झालं असतं? हे… ही डबी कुणाची आहे?

बाबा: आण इकडे. मी ठेवतो.

आई: घ्या, घ्या. तुमची असेल. मी जरा तिथे खिडकीपाशी बसू का?

बाबा: बस ना. उन्हात बस.

लेक: तुम्हीच देता तिला.

बाबा: हळू बोल.

लेक: कपाट नाही, खोका नाही. तिला सापडत नाही. तुम्ही खिशातून काढून देता.

बाबा: चार महिने झाले. डबी खिशातच असते माझ्या.

लेक: दिवसातून किती वेळा?

बाबा: आधी फक्त सकाळी. मग एकदा संध्याकाळी दिली, म्हटलं एवढ्याने काय होतंय. आता पाच होतात. काल सात झाल्या.

लेक: सात वेळा! अहो, तुम्हाला कळतंय ना? तुम्हीच मारताय त्यांना.

बाबा: कळतंय. रोज सकाळी मीच मोजतो.

लेक: मग का?

बाबा: ऐकलंस ना आत्ता? डबी हातात आली की ती मला ‘अहो’ म्हणते. बाकी दिवसभर मी मीटरवाला असतो, डॉक्टर असतो. परवा भाऊ म्हणाली. रात्री कडी लावून घेते, परका माणूस घरात आहे म्हणून. मी बाहेर या कोचावर झोपतो. आणि डबी दिली की दोन मिनिटं ती दाढीवरून बोलते, झाकणावरून बोलते. दोन मिनिटं मी नवरा असतो तिचा. एकेचाळीस वर्षांचा संसार आहे, चिमे. सहज सुटत नाही.

लेक: रिकामी डबी द्यायची.

बाबा: दिली होती. उघडली आणि म्हणाली, मला फसवता होय? जी रडली ती संध्याकाळपर्यंत. का रडतेय हे विसरली, तरी रडत होती. पुन्हा नाही केलं तसं.

लेक: मला ‘चिमे’ म्हणाली ती.

बाबा: हो.

लेक: कान खाजवते म्हणाली. दीड वर्षात पहिल्यांदा, बाबा. मला वाटलं होतं, ते सगळं पुसून गेलं. आत आहे ते अजून. सगळं आहे.

बाबा: आहे.

लेक: बाबा, डबी द्या.

बाबा: कशाला?

लेक: एकदाच. मला तिच्याशी बोलायचंय. लग्न करून गेले तेव्हा धड निरोपसुद्धा घेतला नव्हता मी. दारात उभी होती ती आणि मी मागे वळूनही बघितलं नाही. तिने कधी विषय काढला नाही आणि मी म्हटलं, बोलू कधीतरी. फक्त माफ कर म्हणायचंय. द्या ना. पाणी मी बदलते, हवं तर अर्धं बदलते. उद्याच बदलते.

बाबा: उद्या पाणी बदलतो, असं मीही रोज म्हणतो.

लेक: एक चिमटी, बाबा. एका चिमटीने काय होतंय?

बाबा: हेही म्हणतो.

लेक: तुम्ही सात वेळा घेतलंत आणि मला एकदा नाही?

बाबा: नाही. रड, मला काय वाटेल ते बोल, पण नाही. तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं मला, मी काय करून बसलोय ते. तिने हयातभर एक जीव हलगर्जीपणाने मरू दिला नाही, आणि मी तिच्याच हाताने मारतोय. तिच्याच हाताने, चिमे. तिला शुद्ध असती तर तोंड बघितलं नसतं माझं.

लेक: मग करायचं काय?

बाबा: उद्या सकाळी डबी तू दे. दिवसाची एकच चिमटी. ती दोन मिनिटं तुझी. मी आत जाऊन बसेन, काय बोलायचं ते बोल. परवा तू गेलीस की मग सकाळी मी.

लेक: आणि उरलेला दिवस?

बाबा: मीटरवाला. करेन सवय. त्या दुकानदाराला सांग, टेम्पो नको म्हणावं. आणि न्हाणीघरातून बादली आण, चौथा हिस्सा आत्ताच बदलू. उद्या नको.

लेक: आईला सांगणार होते मी, की नवऱ्याशी नाही जमलं माझं. तेही नाही सांगितलं तिला.

बाबा: मलाही नाही सांगितलंस.

लेक: तुम्ही सगळं बरंच आहे म्हणता. तुम्हाला काय सांगायचं?

बाबा: खरं आहे. ये इकडे. ये.

आई: ऐकलं का? अहो भाऊ! त्या बाई का रडतायत?

बाबा: काही नाही. लांबून आलीय ना, दमलीय जरा.

आई: बसवा त्यांना. मी म्हटलं, मासे जेवले का?

लेक: बाबा…

आई: कुणी बघितलं का? मासे जेवले का?

बाबा: जेवले.

आई: नक्की ना?

बाबा: नक्की. चिमटीभर घातलं. जास्त नाही.

आई: तेवढंच घालायचं असतं. माफ करा हं, मी ओळखलं नाही. आपण कुठले?

बाबा: इथलाच. जवळच राहतो.

आई: हो का? मग येत जा अधूनमधून.