मागं दर्या हाय

हसू नका हां, पण बॉल सोडून देणं मला खरंच जमायचं नाही.

एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपसाठी निवड शिबिर होतं. ऑफस्टंपबाहेरच्या प्रत्येक बॉलला मी बॅट घालत होते आणि कड लागत होती. सर ओरडले, "अगं, सोड ना तो! टीममध्ये यायचंय ना?"

"सर, सोडायचं म्हटलं की भीती वाटते."

"का गं?"

"आमच्या हरिहरेश्वरला आम्ही वाळूत खेळतो. स्टंपच्या मागं लगेच दर्या हाय. एकदा मी बॉल सोडला, तो पाण्यात गेला आणि दादा आणायला धावला. लाटेत त्याचं डोकंच दिसेना. बाबांनी होडी लोटली, तेव्हा कुठे सापडला."

सर हळूच म्हणाले, "इथे मागे जाळी आहे, बाळा. आणि तुझ्यासोबत आलेला दादा तो बघ, बाकड्यावर वडापाव खातोय. आता सोड."

पुढच्या बॉलला मी बॅट वर उचलली आणि सोडला.

"शाब्बास!" सर म्हणाले.

मी वळून बघितलं. बाकड्यावर नुसता अर्धा वडापाव.

दादा बॉल आणायला धावला होता.