भरलेला तांब्या

(जळकोटकडचं एक गाव. भादव्यातली सकाळ. सोप्यात तिघं : पंचफुलाबाई, त्यांचा लेक दयानंद, सून ज्ञानेश्वरी. नवरा-बायकोचा कालपासून अबोला. तिघांच्या मधोमध पाण्याचा तांब्या.)

दयानंद : …आन् तिला हे बी सांग माय, की तांब्या रिकामा झाल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई.

पंचफुलाबाई : ऐकलंस का गं? तांब्या पी म्हणतो.

ज्ञानेश्वरी : आत्या, त्यांना सांगा, मला ऐकू येतं.

पंचफुलाबाई : तिला ऐकू येतं म्हणती.

दयानंद : मग डॉक्टरचं का ऐकू येत न्हाई? काल उदगीरला माझी लाज काढली हिनं. इसबगोल आणून दिलं होतं. हिनं काय करावं? चमचाभर भुसा तोंडात टाकायचा आन् वर घोटभर पाणी. डॉक्टर म्हणला, पाण्याबिगर भुसा आतड्यात सिमेंटवानी बसतो. संडासच्या जागी होती ती भेग अजून फाटली. दसऱ्यापर्यंत भरून आली न्हाई तर ऑपरेशन. हे सगळं कुणापायी?

पंचफुलाबाई : एवढं लांबलचक मी न्हाई सांगत. थोडक्यात बोल.

दयानंद : थोडक्यात, पाणी पी.

पंचफुलाबाई : पी गं बाई पाणी.

ज्ञानेश्वरी : त्यांना विचारा आत्या, डॉक्टरांनी मला विचारलं होतं, दिवसा पाणी का पीत नाही म्हणून. मला विचारलं होतं. उत्तर कोणी दिलं?

पंचफुलाबाई : कुणी दिलं रं?

दयानंद : मी दिलं. ही तर मान खाली घालून बसली होती.

पंचफुलाबाई : काय दिलंस?

दयानंद : म्हणलं, जिद्दी हाय.

ज्ञानेश्वरी : जिद्दी नाही म्हणाले. आळशी आहे म्हणाले. उठायचा कंटाळा करते म्हणाले. कंपाउंडर हसला. सकाळी संडासात रक्त पडतं, तशीच उठून रानात जाते, दिवस मावळेपर्यंत वाकून तण उपटते. आणि आळशी.

पंचफुलाबाई : आळशी म्हणलास?

दयानंद : मग काय म्हणू? रातच्याला घरी आली की तांब्यावर तांब्या पिते. म्हंजे तहान हाय. दिवसा मात्र थेंब न्हाई. गार पाण्याचा जार घेऊन दिला, तो बी भरलेला परत येतो. खामखा वझं. रानात कामाला येणाऱ्या बाकीच्या बाया बी तशाच. हिनंच शिकवलं असंल.

ज्ञानेश्वरी : हे कुणाला शिकवावं लागत नाही.

पंचफुलाबाई : तुझं बी जरा अतीच हाय बघ. आम्ही काय रानात राबलो न्हाई? डोक्यावर कळशी भरून न्यायची, सूर्य डोक्यावर यायच्या आत ती रिकामी. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. जन्मात असला आजार माहीत न्हाई मला. तुम्हाला समदं दारात मिळालं म्हणून ही नाटकं सुचतात.

ज्ञानेश्वरी : एवढं कळशीभर पाणी पिऊन जात कुठं होतात, आत्या?

पंचफुलाबाई : कुठं म्हंजे?

ज्ञानेश्वरी : बसायला. कुठं जात होतात?

पंचफुलाबाई : गडीमाणसाच्या म्होरं काय इचारतीस.

ज्ञानेश्वरी : त्यांच्या समोरच विचारते.

पंचफुलाबाई : ज्वारीत.

तांब्या : …

दयानंद : माय, तिला म्हण, इषय बदलू नको.

पंचफुलाबाई : तू गप रं जरा.

ज्ञानेश्वरी : आता आपलं सगळं रान सोयाबीन. बांधापलीकडं ईश्वरप्पांचंही सोयाबीन. नजर जाईल तिथपर्यंत गुडघ्याएवढं. बांधावरच्या बोरी जेसीबीनं काढल्या. तुरीच्या ओळी असायच्या, काढणीच्या मशीनला आडव्या येतात म्हणून औंदा त्याही पेरल्या नाहीत. एका अंगाला नवा रस्ता. रस्त्याला चहाची टपरी, तिथं दिवसभर माणसं रानाकडं तोंड करून बसलेली. त्यांना विचारा आत्या, मी जाऊ कुठं?

दयानंद : हे डॉक्टरपुढं का बोलली न्हाई म्हणावं.

ज्ञानेश्वरी : माझं उत्तर त्यांनीच देऊन टाकलं होतं.

दयानंद : घरी संडास बांधलाय म्हणावं तिला. फरशी बसवून.

पंचफुलाबाई : रानापासनं घर अर्धा कोस हाय रं.

दयानंद : मग चार बांबू रोवतो, तुझं जुनं लुगडं भवती बांधतो. झालं समाधान?

ज्ञानेश्वरी : टपरीवरच्यांना पाटी लावून दिल्यासारखं. कोण आत गेली, किती वेळ बसली. एकही बाई जाणार नाही त्यात.

दयानंद : मग काय पायजे ते तरी बोल म्हणावं.

ज्ञानेश्वरी : रब्बीला ज्वारी. रानाच्या मधोमध.

दयानंद : झालं. हरभऱ्याचं बी सांगून ठेवलंय समद्या रानाला. ज्वारी कोण करतंय आता? पाखरं राखायला माणूस पायजे. रानडुकरं आली की एका रातीत लोळवतात. काढायला मजूर मिळत न्हाईत. आन् गाव काय म्हणंल? दयानंदानं बायकोला मुतायला ज्वारी पेरली म्हणंल.

ज्ञानेश्वरी : भाकरीसाठी पेरली म्हणा. डॉक्टरांनी भाकरीही सांगितली आहेच. शेत असून परवा दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं, तेव्हा गाव काही म्हणालं नाही वाटतं.

पंचफुलाबाई : दयानंदा, मी रानात यायचं कधी सोडलं?

दयानंद : आता ह्यात तुझं काय मधीच?

पंचफुलाबाई : कधी सोडलं?

दयानंद : गुडघे गेले तवा. ज्वारी मोडून सोयाबीन घेतलं, त्याच्या दुसऱ्या सालाला.

पंचफुलाबाई : गुडघे बरे हायत माझे.

दयानंद : काय?

पंचफुलाबाई : मारुतीच्या पायऱ्या रोज कोण चढून जातं? बरे हायत गुडघे.

तांब्या : …

दयानंद : एका शब्दानं तरी बोलायचं मला.

पंचफुलाबाई : लेकाला? असलं?

दयानंद : तू न्हाई तर न्हाई. हिनं बोलायचं होतं. मी काय परका हाय?

पंचफुलाबाई : ते तिलाच इचार. मी आता निरोप सांगत न्हाई. माझं तोंड दुखलं.

दयानंद : माय, तिला म्हण—

पंचफुलाबाई : न्हाई.

ज्ञानेश्वरी : आत्या, त्यांना—

पंचफुलाबाई : तुझं बी न्हाई.

दयानंद : …

ज्ञानेश्वरी : …

तांब्या : …

पंचफुलाबाई : बाया कोपऱ्यावर थांबल्यात. कवाच्या हाका मारून राहिल्यात.

दयानंद : एक पट्टा पेरतो. मधला. पाखरं खाऊ देत न्हाईतर डुकरं लोळू देत, कटकट नको मला. आता पी.

ज्ञानेश्वरी : ज्वारी डोक्यावर जायला पौष उजाडेल.

दयानंद : उजाडू दे की. तवर काय तहानलेलीच राहणार हायस?

ज्ञानेश्वरी : तोवर तुम्हीही पिऊ नका.

दयानंद : म्हंजे?

ज्ञानेश्वरी : रानात असताना. सकाळी गेल्यापासून दिवस मावळेपर्यंत. आणि बांधावर पाठ फिरवून कुठंही उभं राहायचं, तेही नको.

दयानंद : डोकं ठिकाणावर हाय का? आज फवारणी हाय. भादव्याचं ऊन. पाठीवर पंप. गडीमाणूस चक्कर येऊन पडंल.

ज्ञानेश्वरी : हो.

दयानंद : हो काय?

ज्ञानेश्वरी : पडतं माणूस. श्रावणात मी पडले होते. तुम्ही म्हणालात, सकाळी खाऊन निघत जा.

पंचफुलाबाई : कधी पडलीस गं? मला न्हाई सांगितलंस.

ज्ञानेश्वरी : तुमचे गुडघे दुखत होते, आत्या.



दयानंद : चला. ऊन चढलं.

पंचफुलाबाई : दयानंदा, तुझी पाण्याची बाटली राहिली.

दयानंद : राहू दे.