सरळ कपाचा गुन्हा

...आणि वर मलाच विचारते, ‘हे मशीनवर काढलेत ना?’ मशीनवर! ती हॉटेलवाली बाई हो, माझा कप उलटा करून बुडाशी वाकून बघत होती, जशी काही कंपनीची चिठ्ठीच सापडणार तिथे! तुम्हाला सांगते, तळपायाची आग अशी मस्तकात गेली, की भट्टी न पेटवता डोक्यावर कप भाजून निघाले असते. अहो, अर्धं आयुष्य त्या चाकापुढे बसून काढलं, कंबर गेली, नखातली माती लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसते, तेव्हा कुठे आता कप सरळ उभा राहतो, काठ गोल येतो... हाताला वळण लागलं, हा काय माझा गुन्हा?

तर हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मोठा हॉल, ओळीनं टेबलं, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर कोण? आमच्या धाकट्या नणंदबाई! नोकरी सुटली, वेळ जाईना, म्हणून माझ्याकडेच येऊन चार दिवस माती चिवडून गेल्या. चार दिवस! त्यांचा कप बघाल तर... कप कसला, कुणीतरी त्यावर बसून उठलंय! कान इकडे, तोंड तिकडे, चहा प्यायला गेलात तर आधी शर्टाला मिळेल, मग तुम्हाला. आणि लोक? ‘अय्या, किती जिवंत! हाताचा स्पर्श कळतो, नाही?’ स्पर्श कसला, धक्का लागलाय त्याला! नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, इथे अंगण वाकडं म्हणून नाचाचं कौतुक!

बरं, नणंदबाईंनी गप्प बसावं? मान कलती करून, साखरेच्या पाकात घोळलेल्या आवाजात, ‘आमच्या वहिनीचं कामही छान असतं हो... अगदी कारखान्यातल्यासारखं!’ झालं! दुपारपर्यंत हॉलभर बभ्रा, आणि संयोजक माझ्या टेबलापुढे उभे. आवाज असा, जसं दवाखान्यात वाईट बातमी सांगतात, ‘मॅडम, तक्रार आलीय. विकत आणलेला माल इथे मांडता येत नाही.’ विकत आणलेला! मी म्हटलं, ‘चाक आणा!’

आणलं. बाह्या सरसावल्या, गोळा आपटला, मधोमध धरला, अंगठा आत घातला, भिंत वर ओढली... माझ्या दोन हातांतून कप असा उभा राहिला, केसाचा फरक नाही! टाळ्या! संयोजक माफी मागताहेत, मी म्हटलं, गेलं किटाळ एकदाचं... आणि ती हॉटेलवाली पुढे आली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, ‘आज कळलं, हे किती अवघड असतं!’ आणि वळली, आणि नणंदबाईंचं अख्खं टेबल उचललं! ‘इतकं अवघड, तरी या बिचाऱ्या किती प्रयत्न करतात!’ बिचाऱ्या! आणि मी? हाताला वळण लागलं, हा काय माझा गुन्हा?

पुढे ऐका. हॉटेलवालीला आणखी तसलेच कप हवे होते, आणि नेमकं तेव्हाच नणंदबाईंचं मनगट आखडलं. म्हणाल्या, ‘वहिनी करील ना!’ आता माझे कप खपेनात, घरात भट्टी गार पडलेली, नाही कसं म्हणू? बसले वाकडा कप करायला. डोळे मिटून केला... सरळ! डाव्या हातानं केला... सरळ! शेवटी चिडून ओल्या कपाच्या थोबाडीत दिली, तर कप न्यायला आलेली हॉटेलवाली म्हणते, ‘हा मुद्दाम वाकवलेला कळतो हो!’ काय करू, हात तोडू? हाताला वळण लागलं...!

आणि मग आमचे हे. कपडे मळतात म्हणून जन्मात मातीला हात न लावलेला माणूस! ‘बघू गं, सरक,’ म्हणाले, बसले चाकावर, आणि असा काही पोट सुटलेला, मान टाकलेला कप काढला, की हॉटेलवाली किंचाळलीच, ‘हाच! हाच!’

आता हे चाकावर बसतात. बघायला माणसं येतात, हे कलेवर बोलतात. आणि मी खाली बसून माती मळते. मळते, काय करणार! काल चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले,

‘माती जरा नीट मळत जा गं... आजचा कप सरळ आला!’