हे छिद्र बुजवू नये

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पाणीखात्याचे मोठे इंजिनियर माननीय जयसिंहराव साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले आपल्या मंडळाचे चिटणीस विश्वासराव. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती, याच खात्यातून बदलून भोपाळला चाललेले माधवराव धारप. पुढच्या रांगेत मुद्दाम कडेची खुर्ची धरून बसलेल्या त्यांच्या पत्नी शरयूताई. आणि दाना ओलीतून, गोरखीतून वेळात वेळ काढून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी शांता दामले. माधवराव राहतात त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मला भाषणाची सवय नाही. विश्वासराव म्हणाले, "भाडेकरूंतर्फे दोन शब्द बोला, पाच मिनिटं." माझ्या हातात कागद आहे, पण तो मी वाचणार नाही. त्यात सगळं गोड गोड लिहिलंय.

आपण ग्वाल्हेरची माणसं, घर न बदलता तिसऱ्या राज्यात चाललो आहोत. आधी संस्थान होतं, मग अठ्ठेचाळीस साली मध्यभारत झाला, आणि येत्या एक नोव्हेंबरला मध्यप्रदेश. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे कचेऱ्या चालल्या आणि कचेऱ्यांमागे माणसं. या महिन्यातला हा चौथा निरोप. हार आणि नारळ तेच, नुसती खुर्चीतली व्यक्ती बदलते. पण आजच्या खुर्चीतली व्यक्ती गेली की आमच्या इमारतीला फार जड जाणार आहे, आणि त्याचं कारण पाणी आहे.

आमची इमारत तीन मजली, बिऱ्हाडं बारा. गच्चीवर एक टाकी, तिथून एकच नळ खाली येतो आणि मजल्यामजल्याला फाटे फुटतात. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरचा सांधा सुटला. वरचे लोक बाहेरगावी होते, मी गच्चीत पापड घालत होते. पाणी मुकाट्यानं झिरपत राहिलं आणि आमच्या छताचा पोपडा, चांगला परातीएवढा, धाडकन पाळण्यात पडला. माझी नात शामला तेव्हा तीन महिन्यांची. सुनेनं तिला नुकतंच दूध पाजायला उचललं होतं म्हणून ती आज त्या खांबाआड उभी राहून मला वाकुल्या दाखवते आहे. शामला, खाली बस.

त्या दिवशी माधवरावांनी पाळण्यातला पोपडा स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "शांताताई, पाणी गळतंय हे माणसाला कळायच्या आधी नळाला कळलं पाहिजे."

मला वाटलं, खात्यात राहून डोकं फिरलं यांचं.

माधवरावांचे आजोबा जोशी होते. लग्नात मुहूर्ताची वेळ मोजायला ते घटिकापात्र ठेवायचे. म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडायची, भोकातून पाणी आत शिरतं, वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. माधवरावांनी तीच वाटी उलट्या कामाला लावली. प्रत्येक मजल्यावर सांध्याखाली साखळीनं एक वाटी टांगली, तळाला सुईएवढं भोक. सांध्यातून चुकार थेंब पडला तर भोकातून खाली मोरीत निघून जातो. पण सांधा खरंच सुटला तर पाणी भोकाला आवरत नाही, वाटी भरते, जड होऊन खाली येते, साखळी ओढते आणि गच्चीवरचा मुख्य कॉक आपोआप बंद. कुणी घरात असो वा नसो. एवढी साधी गोष्ट सांगायला त्यांना आमच्यापुढे तीन संध्याकाळी घालवाव्या लागल्या, कारण विश्वासराव दर वाक्याला म्हणायचे, "लेकिन वजन कितना?"

ही युक्ती साहेबांच्या कानावर गेली. साहेब, आपण तेव्हा मोठ्या मनानं म्हणालात की मी स्वतः येऊन बघतो. यंत्र पसंत पडलं तर सरकारी घरांसाठी असल्या वाट्या इथेच, ग्वाल्हेरच्या कारखान्यात करायच्या आणि ते काम माधवरावांकडे द्यायचं, असं ठरत होतं. म्हणजे बदली टळत होती. माधवरावांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांना भोपाळपर्यंत नेता येणार नाही. त्या घरासाठी याचा अर्थ काय होता, ते मी सांगायला नको.

जूनमधली गोष्ट. सकाळी साडेसातला साहेब यायचे होते. माधवराव वरचा सांधा मुद्दाम सैल करणार, वाटी खाली येणार, पाणी बंद होणार, असं ठरलेलं. साहेब फाटकातून आत आले मात्र, आणि सांध्याला कुणाचा हातही लागलेला नसताना इमारतीतलं पाणी बंद झालं. आमच्याच इमारतीतले विश्वासराव तोंडाला साबण लावून जिन्यात आले. ते रागावले की हिंदीत जातात. "पानी किसने बंद किया?" सगळे हसले. साहेब, आपणही हसलात. आणि जाताना कागदावर शेरा लिहिलात, "यंत्र भरवशाचे नाही." आपण पाहिलं तेच लिहिलं, आपला त्यात दोष नाही. आपण विचारलंत, "काय झालं हो, धारप?" ते म्हणाले, "माझ्या मांडणीत उणीव राहिली, साहेब."

ती उणीव आता तुमच्यासमोर उभी आहे.

झालं असं, की त्याच्या चार दिवस आधी आमच्या गल्लीत कल्हईवाला आला होता. मी पातेली, तपेली, पितळेच्या पराती सगळं काढलं. उत्साह म्हणजे काय विचारू नका. चार दिवसांनी घरात साहेब येणार, तर सांध्याखालची ती काळवंडलेली वाटी तरी कशाला तशीच ठेवायची? काढली आणि दिली. कल्हईवाला म्हणाला, "बाईजी, इसमें तो छेद है. टांका लगा दूं?" मी म्हटलं, "लगा दो, अच्छे से लगाना." तीन संध्याकाळी ऐकलेलं सगळं कुठे गेलं होतं देव जाणे. भांड्याला भोक दिसलं की ते बुजवायचं, आईनं तेवढंच शिकवलं होतं. आमच्या मजल्यावरचा सांधा जुना, मिनिटाला एखादा थेंब सुटायचाच. ते थेंब चार दिवस त्या लखलखीत वाटीत साठत राहिले आणि साहेबांचा पाय फाटकात पडायला आणि वाटी भरायला एकच गाठ पडली.

साहेब गेल्यावर माधवराव आमच्याकडे आले. वाटी काढली, पाणी ओतलं, तळावरून अंगठा फिरवला. भोकाच्या जागी कथलाची डाख हाताला लागली. फडताळात माझी बाकीची भांडी चमकत होती, ती त्यांनी पाहिली. मी दारात उभी. माझ्या तेव्हा ध्यानात आलं. म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जाते. तर म्हणाले, "कशाला? भोक दिसलं की बाई ते बुजवणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. घरात लावायच्या यंत्रात घरच्या माणसांचा विचार नसेल, तर ते माझंच चुकलं."

तुम्ही सगळे गेले चार महिने ज्याची थट्टा करता, ते वाट्यांवर डांबरानं लिहिलेलं "हे छिद्र बुजवू नये", त्याची जन्मकथा ही. कुणाच्या घरी कुणी बुजवलं होतं, हे त्यांनी शरयूताईंनासुद्धा सांगितलेलं नाही. शरयूताई, तुमचा चेहरा बघून कळतंय मला. आणि मी? मी सुटले म्हणून गप्प बसले. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिले, तोवर बदलीची यादी लागली. आता ते भोपाळला एकटे राहणार, शरयूताई इथे सासूबाईंपाशी. दिवाळी तोंडावर असताना एका घराच्या दोन चुली होताहेत, आणि त्यांच्या निरोपाचं भाषण करायला उभं केलंय मला.

श्रावणात काय झालं तेही साहेबांपर्यंत पोचलं नसावं. गोरखीत बारसं होतं, दुपारी सगळी इमारत तिकडे जेवायला. परत आलो तर नळ कोरडे. तिसऱ्या मजल्यावरचा तोच सांधा पुन्हा सुटला होता, वाटी खाली आलेली, कॉक बंद. आमच्या छताला ओलाव्याचा ठिपका नाही. त्याच्या बरोबर खाली, घरीच मागे ठेवलेली शामला आजीपाशी, म्हणजे माझ्या विहिणीपाशी, गाढ झोपलेली होती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. विश्वासरावांनी माधवरावांना जिन्यातच सलाम ठोकला.

माधवराव, या पोरीच्या वतीनं आणि बाराही बिऱ्हाडांच्या वतीनं मी तुमचे आभार मानते. आभार हा शब्द अपुरा आहे, पण माझ्याजवळ दुसरा नाही. तुमच्या आईंची काळजी करू नका. त्यांच्या उशापायथ्याला कोण कधी बसायचं ते आम्ही बायकांनी ठरवून टाकलंय, आणि पहिली पाळी माझी आहे.

साहेब, मंडळाची शाल आपल्या हस्ते द्यायची आहे. त्याआधी ही वाटी आपल्यासमोर ठेवते. तेव्हा माधवरावांनी नवी टांगली आणि ही मला परत दिली, म्हणाले, "घरात वापरा, आता चांगली झाली." माझ्यानं ती वापरवली नाही. तळाशी अंगठा फिरवून पाहावा, डाख अजून तशीच आहे.

भाषण संपवताना, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. मी आजवर पुष्कळांच्या तोंडून ऐकलीय ती. माझं काय चुकलं ते मी नावानिशी सांगितलं आहे. ते पोटात घालायचं की नाही हे आपण सगळे ठरवा. साहेब, आपण मात्र कागदावरचा तो शेरा तेवढा दुरुस्त करा. पेन मी बरोबर आणलं आहे.