खालनं तिसरी ओळ

जमलेल्या मंडळींनू, पोरींनू, पोरांनू,

मला बोलाया उभं करू नगा म्हटलं व्हतं. माज्याआदी गुडघं बोलत्यात. पण कदम मास्तर परवा सायकलवरनं येता येता गेले, आन् त्यांच्या शोकसभेला मी घरात बसले, तर ते वरनं खडू फेकून मारतील. नेम मातूर त्यांचा कच्चा. लागायचा शेजारच्याला.

मला अक्षर येत न्हाई. तरी मी मास्तरांची इद्यार्थीण हाय. कशी, ते सांगते.

चार वरसांमागं मास्तरांनी नववीला एक गोष्ट शिकवली. मेंढरांचा तळ. भवतीनं वाघर, म्हंजी जाळी. लांडगा रोज येतो, जाळीला धडकतो, माघारी जातो. एक दिस राखणीचा कुत्राच आतनं जाळी कुरतडतो. मग काय? रक्ताचा चिखल.

पोरं म्हणाली, लांडगा म्हंजी इंग्रज. मेंढरं म्हंजी रयत. मास्तर म्हणाले, "शाब्बास! आन् कुत्रा?" मग तेच म्हणाले, "गोष्टीतला कुत्रा खऱ्या गावात ऱ्हात व्हता, बाळांनू. जावा, म्हाताऱ्यांस्नी बेचाळीसचं इचारा."

माज्याकडं तिघी आल्या. "आजी, आजोबांचं पाय कुणी मोडलं?"

"पोलिसांनी." पन्नास वरसं तेच सांगत आले.

त्यातली पाथरवटाची लेक लय आगाव. "कुठं मारलं?"

"तळव्यावर."

तिची पेन्सिल थांबली. "आवं आजी, तळवं फोडायची शिक्षा तर भूमिगत द्यायचे. फितुराला."

मी चहा टाकला. एकीनंबी घेतला न्हाई.

मास्तरांस्नी बोलावून झाडलं. "मेंढरं शिकवा की वो! माजं घर कशापायी शिकवताय?" मास्तर उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "आजी, मी गोष्ट शिकवली. घर तुमचं निघालं." तवा त्यांस्नी सांगितलं. आज तुमाला सांगते.

माज्या लेका, तिथनं डोळं वटारू नगंस. बस खाली.

आमी मूळचं कुंडलाकडचं. तिथं शिवा नावाचा भूमिगत पोरगा उसात लपला व्हता. एकोणीस वरसांचा. माज्या हातची भाकरी खायाचा, वर नावं ठेवायचा, "वैनी, करपली." माज्या मालकांनी फौजदाराला फड दाखवला. शिवाला पायाला धरून बांधावर वढला. बंदुकीच्या दस्त्यानं डोकं फोडलं. एकदा न्हाई. पयल्या घावाला नारळाचा आवाज आला. मागनं ओल्या मातीचा. शेवटाला तोंड कुठलं, मान कुठली, कळंना.

आठ दिसांनी शिवाचं सोबती आलं. मालकांस्नी गाडीच्या चाकाला बांधलं. बाभळीच्या काठीनं तळवं फोडलं, हाडं वाजंपतूर. मी हळद लावाया गेले, तर कातडं माज्या हातात आलं. मालकांसाठी मी मोठ्यांदा रडले. शिवासाठी रडाया भ्याले.

मग आमी इकडं रहिमतपुराकडं आलो. तुमी लंगडं पाय बघितलं, म्हणालात, "देशासाठी मार खाल्ला." आमी न्हाई म्हटलं न्हाई. मालक गेले, तुमी ह्या शाळेतल्या, देशासाठी लढलेल्यांच्या दगडावर त्यांचं नाव कोरलं. दर पंधरा ऑगस्टला हार. चार वरसं हार घालताना मास्तर हळूच इचारायचे, "कवा, आजी?" मी म्हणायची, "पुढल्या साली." ते म्हणायचे, "बरं. मी सांगणार न्हाई. ज्याची गोष्ट त्यानं सांगायची." त्या तीन पोरीबी बोलल्या न्हाईत. मास्तरांनी शिकवलंय तसं वागल्या.

आता मास्तरांस्नी पुढलं साल न्हाई. मी कुणाला वायदा करू?

पाथरवटाची लेक सांगलीच्या कॉलेजातनं आलीया. तिच्याच बानं दगड कोरलाय. पोरी, जा, बाची छिन्नी आण. मालकांची ओळ खालनं तिसरी. मला वाचता येत न्हाई, पण बोट फिरवून फिरवून पाठ झालीया. ती खरवड. तिथं शिवाचं नाव घाल.

मंडळींनू, आता उभं ऱ्हावा. मास्तरांसाठी दोन मिन्टं गप. मला गप ऱ्हायाला सांगू नगा, माजं पन्नास वरसांचं झालंय. तुमी ऱ्हावा.

छिन्नी मातूर वाजू द्या.