बिनगोळीचे सापळे

हॅलो?… हॅलो, कोण?… हां अक्का, बोल… व्हय, मीच, पुंजाराम… नाय, आवाज बसला नाय. असाच हाय आज.

कोणता पेपर?… आजचा? माझा फोटो?… फेट्यासकट?… अगं, त्यो बातमीवाला मागल्या पंधरवड्यात येऊन गेला होता. मी तर इसरलो होतो… काय छापलंय, वाच बरं… ‘फवारणीविना मका. पुंजाराम यांच्या मार्गदर्शनाखाली गावात एकही पतंग नाही’… बास. बास अक्का, फुडचं नको वाचू.

दाजींना म्हणावं, गल्लीत दाखवत फिरू नका… किती घरं झाली?… सगळं पुंडलिकनगर?… अरे देवा.

आनंद कसला, अक्का? मका गेली… चोरीला नाय गं. अळीनं खाल्ली. लष्करी अळी, पार पोंग्यात, कोवळ्या पानांच्या सुरळीत शिरली. पानं बघशील तर चाळणी… माझी तर गेलीच, माझं जाऊ दे. सारजामावशीचा दीड एकर गेला… व्हय, तीच, आपल्या बांधाची. ती फवारणार होती. पंप भरून उभी होती मावशी. मीच म्हणालो, थांब, सापळ्यात पतंग नाय तर फवारतीस कशाला?

शिव्या? नाय ना! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताकाचा तांब्या पाठवला तिनं. म्हणाली, तुझी बी गेली रे बाबा.

हां, सापळे लावले होते ना. तीस सापळे, आठ जणांच्या वावरात. रोज सकाळी बघायचो. रिकामे. आन मी छाती काढून सांगायचो, बघा, एक पतंग नाय…

अगं ऐक ना, सांगतो. पण हासू नको… स्पीकरवर हाय का फोन?… बंद कर आधी… झाला?

सापळा म्हंजी काय, एक नरसाळं आन खाली पिशवी. वर एक रबराची गोळी लावायची. तिला मादी पतंगाचा वास असतो. त्या वासानं नर येतो आन पिशवीत पडतो… हां, बरोबर. गोळीच नसली तर कशाला येतोय?

नव्हती… गोळी लावलीच नव्हती, अक्का. तीसच्या तीस सापळे, बिनगोळीचे.

वेगळ्या चकचकीत पाकिटात होत्या गं. मला वाटलं, नव्या बुटाच्या खोक्यात नसती का ती पुडी, ओल धरू नये म्हणून? तसलं कायतरी. वर मीच सगळ्यांना बजावलं, ही पाकिटं लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, माझ्याकडं जमा करा. डब्यात भरून ठेवली.

शिकवलं नाय कसं? शिकवलं ना. शहरातल्या त्या कार्यशाळेत दुपारून तेच होतं, सापळा करून दाखवणार होते… मी कुठं होतो?… तूच आठव. आखाड होता… हां. तुझ्या ताटावर होतो. मटण, बाजरीची भाकर, आन तू म्हणालीस, ‘खा रे, कार्यशाळा काय पळून चालली का?’ मग दाजींच्या दिवाणावर आडवा झालो ते चारला उठलो. पोचलो तवा प्रमाणपत्रं वाटत होते. माझं नाव पुकारलं. घेतलं. टाळ्या बी घेतल्या.

अगं, रडू नको. तुझी काय चूक? तू मायेनं वाढलं, जेवणाला नाव नाय ठेवत मी… पण ते अजून पचलं नाय, एवढंच.

आन गावात आल्यावर शाळेच्या पटांगणात मीच वर्ग घेतला. आठ जण वह्या घेऊन बसले. दुपारून काय शिकवलं, असं कुणी इचारलं असतं तर… पण कुणी इचारलंच नाय. इश्वास होता माझ्यावर.

कळलं कसं? तुझ्या भावजयीमुळं. सरूनं डब्यातलं एक पाकीट फोडलं आन आतली गोळी डांबरगोळी समजून गोधड्यांच्या पेटीत टाकली. आपलं घर वावरातच. परवा दिवस मावळता बघतो तर खिडकीवर पतंगच पतंग. महिनाभर वावरात एक घावला नाय, आन माझ्या गोधड्यांवर गावभरचे नर लोटलेले!… हास, हास. मी बी आधी हासलो. मग पेटी उघडली, ती गोळी बघितली, आन सगळं ध्यानात आलं.

नाय अक्का, ही तर नुसती फजिती. लाजेचं फुडं हाय… कसं सांगू तुला?

काल पारावर बैठक झाली. सगळ्यांचं एकच, चांदपाशानं नकली सापळे गळ्यात मारले… व्हय, आपला चांदभाई, बी-बियाणाच्या दुकानाचा. मीच त्याला सांगून मागवले होते. त्या आठांतला सांडू म्हणाला, आजपासून त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाय कुणी. चांदभाई तिथंच उभा. माझ्याकडं बघत होता. मग सांडूनं मला इचारलं, ‘पुंजाराम, तू शिकून आला, तू सांग, माल नकली हाय का?’

मी म्हणालो… अक्का, मी म्हणालो, ‘असंल बी.’

…हॅलो? हाय ना तू?

व्हय. माहीत असताना. आदल्या सांजेलाच पेटी उघडली होती मी.

आईला घाटीच्या दवाखान्यात नेलं ते कुणाच्या टेम्पोत, हे मला नको सांगू. मला म्हाईत हाय.

काय?… डबा हिरीत टाकू?… कुणाला कळणार नाय, खरंय. पेपरात तर मी हुशारच हाय… अगं, सकाळपासून दोनदा डबा घेऊन हिरीवर गेलो. दोनदा परत आलो… काय करू, हात सुटंना.

थांब जरा. दारात मोटारसायकल आली… चांदभाई हाय. मागं खोकं बांधलंय… या, चांदभाई… बसा ना… हे काय आणलं?… काय म्हणता?…

अक्का… नवे सापळे आणलेत त्यानं. तीस. सकाळीच कन्नडला जाऊन आला. म्हणतो, ‘माझ्याच मालात खोट असंल, मला कळली नाय. बदलून देतो. तू तेवढं लोकांना समजाव.’… नाय गं, पैशाचं नाव काढत नाय.

नाय. आता गप बसणं नाय जमत… तुझं ऐकलं, आता माझं ऐक. फोन ठेवू नको. कान लावून बस. तू ऐकत असलीस तर मला माघार घेता येणार नाय.

सरू, तो डबा आण… व्हय, त्योच. चांदभाईपुढं ठेव.

चांदभाई… माल तुमचा खरा होता. खोटा मी निघालो… उठू नका. बसा. ही पाकिटं बघा… व्हय, गोळ्या. मीच लावू दिल्या नाय… काल? काल पारावर मला ठावं होतं, चांदभाई. ठावं असून बोललो.

…

अक्का, हाय का?… ऐकलंस?… त्यो? डबा उघडून बसलाय. एकेक पाकीट उलटं-सुलटं करून बघतोय…

थांब, उठला… खोकं परत गाडीला बांधतोय… अक्का, डबा माझ्या हातात दिला. म्हणतो, ‘मागं बस.’

व्हय, पारावर. सगळ्यांसमोर… आधी सारजामावशीच्या दारात थांबणार, मग पारावर.

आन त्यो पेपर… नाय, फाडू नको. दाजींना म्हणावं, ज्या ज्या घरात दाखवला त्या त्या घरात परत जा, आन झालं ते सांगून या… लाज वाटंल तर वाटू दे, मला वाटतीय तशी… हां, सगळ्या पुंडलिकनगरला. ठेवतो. गाडी चालू केलीय त्यानं.